पाइल किती घातले, हा प्रश्नच चुकीचा आहे

वसई-विरारमध्ये जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा भरली की पायाचा विषय पाच मिनिटांत उरकतो. कुणीतरी विचारतं, "इथं खाली रेती आहे, त्याचं काय?" समोरून ठरलेलं उत्तर येतं, "काळजी नको, पाइल फाउंडेशन करतोय, थेट खडकापर्यंत." माना डोलतात आणि चर्चा पार्किंगवर जाते. क्वचित एखादे ज्येष्ठ सभासद उठून विरोधी सूर लावतात: "माझ्या आजोबांचं घर याच रेतीवर उभं आहे, आजवर तडा गेला नाही. पाइल म्हणजे खर्च फुगवायचं निमित्त." या दोन्ही म्हणण्यांचा प्रतिवाद करायला मी हे लिहितो आहे. त्यातल्या पहिल्याचा जास्त, कारण त्याच्या भरवशावर माणसं आयुष्याची पुंजी ओतत आहेत.

वसईतल्या उमेळ्यासारख्या गावात हा प्रश्न फार जवळचा आहे. एका अंगाला गावठाण आणि वाड्या, दुसऱ्या अंगाला खाजण आणि मिठागरं, दक्षिणेला वसईची खाडी. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाळू किती आणि तिच्यात पाणी किती वर, हे सांगायला तिथली बावखलं, म्हणजे वाड्यांतली जुनी तळी, पुरेशी आहेत. खाजणाकडे सरकलात की तीच जमीन काळी, चिकट, पायाखाली दबणारी होते. अशा ठिकाणी ‘पाइल घातले’ या दोन शब्दांत सगळ्या प्लॉटांचं उत्तर असूच शकत नाही.

आधी आजोबांच्या घराचं बघू. ते उभं आहे हे खरं. पण कौलारू छपराचं बैठं घर जमिनीवर टाकतं तो भार चौरस मीटरला दोन-तीन टनांच्या घरात असतो. आरसीसी इमारतीचा प्रत्येक मजला चौरस मीटरला साधारण एक ते सव्वा टन भर घालतो. सात मजल्यांचे आठ-नऊ टन झाले, वीस मजल्यांचे चोवीसच्या आसपास. शिवाय भाराची रुंदी वाढली की तो खोलवर पोचतो. दोन फुटी पायाचा दाब चार-पाच फुटांत विरतो. वीस मीटर रुंद राफ्टचा (सगळ्या इमारतीखाली पसरलेल्या एकसंध काँक्रीट पायाचा) दाब तीस-चाळीस मीटर खालच्या थरालाही जाणवतो. आजोबांच्या घराने वाळूचा वरचा पापुद्रा तेवढा तपासला. खाली काय आहे, याची साक्ष ते घर देऊ शकत नाही.

तरीही त्या ज्येष्ठांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते मला पाइलवाल्यांना ऐकवायचं आहे. वाळू ही वाईट जमीन नव्हे. बायबलमधला वाळूवर घर बांधणारा मूर्ख माणूस वसईत चर्चला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्या दृष्टांतातलं घर पडतं ते पूर आणि वादळाने. पायाखालची वाळूच वाहून गेल्यावर कुठलं घर टिकेल? जागच्या जागी कोंडलेली, मध्यम घट्ट वाळू इमारत उत्तम पेलते. रुंद राफ्टखालून ती फाटून बाजूला सरकेल आणि इमारत उलथेल, असा धोका नेहमीच्या भाराला फार दूरचा असतो. वाळूवर निर्णय घ्यायचा तो खचण्यावरून. इमारत एकूण किती बसेल आणि एका कोपऱ्यापेक्षा दुसरा कोपरा किती जास्त बसेल, एवढेच दोन आकडे तिथं महत्त्वाचे.

भारतीय मानक १९०४ (१९८६) यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आरसीसी इमारत वाळूवर सुट्या पायांवर असेल तर ५० मिलिमीटरपर्यंत, राफ्टवर असेल तर ७५ मिलिमीटरपर्यंत बसलेली चालते. शेजारशेजारच्या खांबांमधला फरक सुट्या पायांना अंतराच्या सुमारे ६६६व्या भागापर्यंत, राफ्टला ५००व्या भागापर्यंत. म्हणजे पाच मीटरवरच्या दोन खांबांत सुट्या पायांसाठी जेमतेम साडेसात मिलिमीटर. इमारत सगळीकडून सारखी सात सेंटिमीटर बसली तर राहणाऱ्याला कळणारही नाही. एका बाजूने दोन सेंटिमीटर जास्त बसली की दारं अडकायला लागतात आणि भिंतीला तिरके तडे जातात. पुनर्विकासाच्या किती सभांत हे दोन आकडे कुणी मागितले? ‘पाइल आहेत ना’ म्हटलं की पुढचं विचारायची गरजच वाटत नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

मध्यम घट्ट वाळूवर, एसपीटीची ‘एन व्हॅल्यू’ पंधरा-वीसच्या पुढे असेल आणि खाली मऊ थर नसेल, तर सात मजल्यांच्या साध्या इमारतीला बहुतेक वेळा नुसता राफ्ट पुरतो. एकही पाइल लागत नाही. (एसपीटी म्हणजे बोअरच्या तळाशी ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडत राहायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले ते मोजायचं. दहाच्या आत असेल तर वाळू सैल, तीसच्या पुढे घट्ट.) दीड मीटर खोदून राफ्ट टाकला तर काढलेल्या मातीचंच चौरस मीटरला अडीच-पावणेतीन टन वजन उतरतं, म्हणजे दोन मजल्यांइतका भार जमिनीला नवा राहत नाही. हा हिशोब न करता सरसकट पाइल सांगणं हा सावधपणा नाही. फ्लॅट घेणाऱ्याच्या पैशाने विचार करणं टाळलेलं आहे.

मग पाइल कधी? वाळू सैल असेल, इमारत उंच असेल, किंवा लिफ्टच्या गाभ्याखाली भार एकवटलेला आणि पोडियमखाली विरळ असेल तेव्हा. तिथं नुसता राफ्ट तुटत नाही, पण ७५च्या जागी १२०-१३० मिलिमीटर बसेल असा अंदाज निघतो. या वेळी पाइल लागतात ते खचणं कमी करायला. आणि तेवढंच काम असेल तर ते थोडे लागतात.

रूढ पद्धतीत डिझाइनर असं समजून चालतो की राफ्टखालची जमीन नाहीच, सगळा भार पाइलच उचलणार. समजा, २५ मीटर बाय २० मीटरच्या राफ्टवर वीस मजल्यांचे १२,००० टन आहेत आणि एका पाइलचा सुरक्षित भार १०० टन आहे. झाले १२० पाइल. त्याच पाइलची अखेरची ताकद अडीचशे टन असते. अडीचने भागून शंभर केलेले असतात. दुसऱ्या पद्धतीत राफ्टलाही कामाला लावतात. तीस पाइल निवडून त्यांना प्रत्येकी २०० टनांपर्यंत ताण दिला की सहा हजार टन ते नेतात. उरलेले सहा हजार टन पाचशे चौरस मीटरच्या राफ्टवर पसरले की चौरस मीटरला बारा टन, आणि मध्यम वाळूला ते पेलतात. पाइल थोडा जास्त खाली गेलाच तर भार राफ्टकडे वळतो. पाइल मोडला तर इमारत गेली, अशी इथं स्थितीच नसते. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्याही प्लॉटला तसेच लावू नयेत. पण १२० आणि ३० यांतलं अंतर काल्पनिक नाही.

"हे प्रयोगशाळेतलं शास्त्र, आमच्याकडे नको," असं यावर म्हणतात. हे शास्त्र पन्नाशीच्या घरात आलंय. १९७७ साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय मृदा-यांत्रिकी परिषदेत बर्लंड, ब्रॉम्स आणि डी मेलो यांनी खचणं कमी करण्यापुरते मोजके पाइल वापरण्याचा विचार मांडला. फ्रँकफुर्टचा २५६ मीटर उंच मेसेटुर्म चिकणमातीवर आहे. त्याच्या राफ्टखाली फक्त ६४ पाइल आहेत. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण बर्लिनचं: तिथं स्प्री नदीकाठच्या वाळूवर सव्वाशे मीटरांच्या आसपास उंच ट्रेपटॉवर राफ्ट आणि ५४ पाइलवर उभा आहे. आणि १९९४ साली हीच परिषद नवी दिल्लीत भरली तेव्हा मार्क रँडॉल्फ यांनी पाइल-समूह आणि पाइल-राफ्टच्या डिझाइनवर सविस्तर मांडणी केली. असमान खचणं रोखायचं तर पाइल राफ्टभर सारखे पेरण्यापेक्षा मध्यभागी, जिथं राफ्ट बशीसारखा लवतो तिथं, एकवटावेत, हा त्यातला मुख्य धडा. तीस वर्षांपूर्वी आपल्याच राजधानीत सांगितलेली गोष्ट वसईच्या सोसायटीला परदेशी वाटू नये.

आता ‘पाइल टेस्ट पास झाली’ या दाखल्याकडे येतो. एकट्या पाइलवर भार ठेवून चाचणी होते. मानक २९११च्या चौथ्या भागात तिची रीत आहे. १२ मिलिमीटर खचण्याच्या भाराचा दोनतृतीयांश, असा एक निकष त्यात आहे. पाइलची प्रत पारखायला ही चाचणी हवीच. पण इमारत किती बसेल हे ती सांगत नाही. एकटा पाइल आपल्याभोवतीची थोडी वाळू दाबतो. पाइलांचा समूह मिळून एक मोठा ठोकळा होतो आणि तो ठोकळा खूप खोलवरची जमीन दाबतो. १९५३ साली स्केम्प्टन आणि सहकाऱ्यांनी वाळूतल्या पाइलसमूहांची मोजमापं मांडली. त्यांच्या सूत्राने दहा मीटर रुंदीचा समूह त्याच भाराखालच्या एकट्या पाइलच्या जवळपास दहापट बसू शकतो. हा वरच्या टोकाचा अंदाज आहे, पण दिशा पक्की आहे. एकटा पाइल चार मिलिमीटर गेला म्हणून इमारतही चारच मिलिमीटर जाईल असं सांगणारा ग्राहकाला फसवतो आहे, किंवा त्याला स्वतःलाच ते माहीत नाही.

आणि पाइल कागदावर असतो तसाच जमिनीत उतरतो का? आपल्याकडे बहुतेक पाइल बोअर करून जागेवर ओतलेले असतात. ठोकून घातलेला पाइल वाळूला दाबून घट्ट करतो, बोअर केलेला तिला सैल करतो. पण गावठाणाला खेटून ठोकाठोकी केली तर शेजारच्या जुन्या भिंती हादरतात, म्हणून बोअरच करावं लागतं. डीएमसी, म्हणजे द्राव फिरवत बोअर करण्याच्या पद्धतीच्या, साइटवर तिकाटण्याजवळ थोडा वेळ उभं राहिलं तरी पुष्कळ कळतं. पाण्याखालची वाळू भोकात ढासळू नये म्हणून बेंटोनाइटचं गढूळ पाणी भरलेलं असतं. भोक ठरल्या खोलीला पोचलं, सळ्यांचा पिंजरा सोडला, की ट्रिमी (काँक्रीट तळाशी नेणाऱ्या) पाइपमधून फ्लशिंग करून तळाची वाळू वर आणायची असते. कळीचा क्षण तो. भोकाच्या तोंडातून वाहून येणारा द्राव चिमटीत धरून चोळला तर वाळू खरखरते. खरखर थांबेपर्यंत काँक्रीट ओतायचं नाही, हा नियम. पण मिक्सरची गाडी स्टेशन रोडच्या कोंडीत अडकलेली असते, फ्लशिंग बंद पडलेलं असतं, आणि तेवढ्या वेळात द्रावातली वाळू पुन्हा तळाशी बसते. गाडी आल्यावर दोरी सोडून खोली पुन्हा मोजली नाही तर त्या मऊ गादीवरच काँक्रीट पडतं. असा पाइल खडकावर टेकल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात वीतभर गाळावर उभा असतो. त्याचं टोक काम करायला लागतं ते तेवढं खाली गेल्यावर. असे १२० पाइल घालण्यापेक्षा तीस पाइल चोख घालून घेणं शक्य कोटीतलं आहे, कारण एका पर्यवेक्षकाला तीस भोकांवर स्वतः उभं राहता येतं.

इथवर वाचून खाजणातल्या प्लॉटवाल्याने आनंदून जाऊ नये. माझं म्हणणं वाळूपुरतं आहे आणि त्याची हद्द मी स्वतःच आखतो. मऊ सागरी चिकणमातीवर, किंवा वर चार-सहा मीटर वाळू आणि खाली काळा गाळ अशा जागी, राफ्टवर विसंबणं धोक्याचं. वरच्या वाळूतच संपणारे पाइल तर आणखी धोक्याचे, कारण ते सगळा भार नेऊन त्या गाळाच्या डोक्यावर ठेवतात. चिकणमाती वर्षानुवर्षं बसत राहते. तिथं भार खालच्या घट्ट मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलाच पाहिजे. खाडीवरच्या पुलांसाठी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या अभियंत्यांनी १८६०च्या दशकातच लोखंडी पाइल वापरले होते; मऊ तळाला पाइल लागतात, यावर वाद घालायचं कारण नाही. पण खाजणात भराव टाकून केलेल्या वसाहतींतून एकदा डोळे उघडे ठेवून चाला. इमारत खडकावरच्या पाइलवर आहे, ती जागची हललेली नाही. भोवतालचा भराव मात्र खचत राहिलाय. प्रवेशाची पहिली पायरी जमिनीपासून सुटून अधांतरी राहिलेली दिसते, फरशी आणि प्लिंथ यांत हाताची बोटं जातील एवढी फट असते, आणि सांडपाण्याची पाइप भिंतीतून बाहेर पडते नेमकी तिथं तुटलेली असते. खचणारी ती माती पाइललाही खाली ओढते, त्याच्या भारात भर घालते. ‘खडकापर्यंत पाइल’ ही तिथंही पूर्ण हमी नाही. भरावाचं काय होणार, ते वेगळं बघावंच लागतं.

भूकंपाचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण माझ्या मांडणीची सर्वांत नाजूक जागा तीच आहे. पाण्याने भरलेली सैल, बारीक वाळू जोराच्या हादऱ्यात काही काळ द्रवासारखी वागते. जपानात १६ जून १९६४च्या निगाता भूकंपात चारमजली इमारती मोडल्या नाहीत, अख्ख्या कलंडल्या. २६ जानेवारी २००१ला कच्छच्या भूकंपात कांडला बंदरातली २२ मीटर उंच इमारत १८ मीटर लांबीच्या ३२ पाइलवर असूनही माथ्याशी सुमारे ३० सेंटिमीटर झुकली. वर दहा मीटर चिकणमाती होती, पाइल खालच्या वाळूत संपले होते आणि हादऱ्यात ती वाळूच ढिली झाली. १२० पाइलांनी अशा वाळूत जास्त सुरक्षितता मिळाली असती, असं समजायला आधार नाही. सैल वाळू असेल तर ती आधी कंपनाने घट्ट करून घ्यावी किंवा पाइल त्या थराच्या पुरते खाली न्यावेत. आपला पट्टा २०१६च्या मानकाप्रमाणे भूकंपक्षेत्र ३मध्ये आहे. ही तपासणी सोडून मोजक्या पाइलांचं डिझाइन करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

माझ्यावर होणारा सर्वांत जड आरोप वेगळा आहे: "तुमचं हे लिहिणं बिल्डरच्या पथ्यावर पडेल. तो तीस पाइल घालेल आणि म्हणेल, शास्त्रात असंच आहे." ही भीती खोटी नाही. ऑगस्ट २०२५मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ माणसं गेली. ती इमारत अनधिकृत होती. जिथं नकाशाच मंजूर नाही तिथं पाइलची संख्या वाढवून कुणाचं रक्षण होणार? संख्या ही लबाडीला सर्वांत सोयीची गोष्ट आहे. ती वाढवून दाखवता येते, आणि पाइलची लांबी नि तळ कुणालाच दिसत नाही. मोजक्या पाइलचं डिझाइन उलट जास्त कागद मागतं. प्रत्येक पाइल पूर्ण ताकदीच्या जवळ काम करणार म्हटल्यावर जास्त बोअर हवेत, राफ्टच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोल हवेत, पूर्ण भाराची चाचणी हवी, आणि राफ्ट-पाइल-जमीन यांचं एकत्र गणित करणारा भूतंत्रज्ञ हवा. प्लॉटच्या एका कोपऱ्यात एकच बोअर मारून सगळीकडे तोच अहवाल चिकटवणाऱ्याला हे डिझाइन पेलणारच नाही. त्याने शंभर टक्के भार पाइलवर टाकावा आणि त्याचे पैसे भरावेत. पाइल वाचवून उरलेल्या पैशातला पहिला वाटा तपासणीला गेला पाहिजे. तो जात नसेल तर ही सवलत कुणालाही देऊ नये, हे मी निःसंदिग्धपणे म्हणतो.

"वाळू काय ती बांधतानाच बसते, नंतर काही होत नाही," हेही अर्धसत्य आहे. बरंचसं खचणं भार चढतानाच होतं, हे खरं. पण बर्लंड आणि बरबिज यांनी १९८५ साली वाळू-गोट्यावरच्या दोनशेहून जास्त पायांच्या नोंदी तपासल्या. स्थिर भाराखालीसुद्धा तीस वर्षांत खचणं सुरुवातीच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकतं, असा त्यांचा हिशोब आहे. रेरा कायद्याच्या १४व्या कलमात रचनेतल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं आहे, आणि दोष दाखवल्यापासून तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. पाचव्या वर्षी दिसलेला तडा पायामुळे की प्लास्टरमुळे, हे सिद्ध करायला सोसायटीकडे काय असतं? काहीही नसतं. कारण पहिल्या दिवसापासून कुणी मोजलेलंच नसतं.

वाळूने इथं आपल्याला मोठी मदत देऊ केली आहे. भार चढताच ती बसते, म्हणून डिझाइनरचा अंदाज बरोबर की चूक हे इमारत अर्ध्यावर असतानाच कळू शकतं. तळमजल्याच्या खांबांवर, चार कोपऱ्यांना आणि लिफ्टच्या गाभ्याशी, पितळी किंवा पोलादी खुणा बसवायच्या. इमारतीच्या प्रभावाबाहेर एक पक्का संदर्भबिंदू ठेवायचा. दर स्लॅब झाला की लेव्हल लावून वाचन घ्यायचं. सातव्या स्लॅबपर्यंत वीस मिलिमीटर अपेक्षित होते आणि चाळीस झाले, तर वरचे मजले चढवण्याआधी थांबून विचार करता येतो. सर्व्हेअरचं प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाचं काम आहे. इमारतीच्या खर्चात तो आकडा दिसणारसुद्धा नाही.

म्हणून पुढच्या सभेत पाइल किती, हे विचारू नका. बोअर किती आणि किती खोल घेतले, खाली वाळू संपून गाळ लागतो का, एकूण खचणं आणि खांबा-खांबांतला फरक किती मिलिमीटर धरलाय, हे लेखी मागा. आरसीसी कन्सल्टंटच्या सहीने मागा. स्लॅबनिहाय वाचनांची वही सोसायटीच्या ताब्यात द्यायची अट करारनाम्यात घाला, आणि ताबा घेताना शेवटचं वाचन तुमच्यासमोर घ्यायला लावा. महापालिकेनेही जोता प्रमाणपत्र देताना पहिलं वाचन आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना शेवटचं वाचन दप्तरी जमा करून घ्यावं. त्याला नवा विभाग लागत नाही, फाइलमध्ये दोन कागद वाढतात.

"एवढं कोण करतं?" असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा की लिफ्टची वार्षिक तपासणी आपण करतोच ना? मग ज्या जमिनीवर ती लिफ्ट उभी आहे, तिचं वाचन वर्षातून एकदा, पहिली पाच वर्षं तरी, घ्यायला सोसायटीला काय हरकत आहे?